वाफ लहान होत नाही

रेग्युलेटर उघडला, तरी इंजिन हललं नाही. चिमणीतून वाफ यायच्या आधी पाणी आलं. कढत, तेलकट, करड्या रंगाचं. त्याचे शिंतोडे स्मोकबॉक्सवर उडाले, दोन-चार थेंब रुळांमधल्या बारीक खडीवर पडले. मालकांनी एक जुनं फडकं चिमणीवर धरलं आणि दुसऱ्या हाताने इंजिन हलकेच वीतभर पुढे ढकललं, वीतभर मागे घेतलं. परत पुढे. पुन्हा थोडं पाणी. मग एक ओला खोकला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला इंजिन त्यांच्या हाताखालून आपणहून निघालं.

बागेत आम्ही सात-आठ जण होतो. बोलणं थांबलं होतं. गाडी पहिल्या वळणापलीकडे गेली तेव्हा कुठे कुणीतरी चहाचा घोट घेतला.

बागेतल्या रुळांवर खऱ्या वाफेने चालणाऱ्या इंजिनाची एक फेरी मला कवितेसारखी सावकाश वाचावीशी वाटते, आणि वाचायची तर या ओल्या खोकल्यापासूनच. वाफ गार सिलिंडरमध्ये शिरते, धातूला आपली उष्णता देऊन टाकते आणि तिचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन अडतो. ते पाणी बाहेर पडून सिलिंडर तापेपर्यंत इंजिन जागचं हलत नाही. मोठ्या इंजिनाचंही असंच असायचं. स्टेशन सोडताना ड्रायव्हर सिलिंडरचे कॉक उघडे ठेवायचा आणि फलाटाच्या दोन्ही अंगांना वाफेचे फवारे सोडत गाडी निघायची, ती याचसाठी. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीला बटण दाबलं की लगेच निघता येतं. या इंजिनाला येत नाही. मोठ्या बहिणीची अडचण हिनेही सोसायची. मला रस वाटतो तो इथे.

त्या दिवशीचं इंजिन होतं 'जे. बी. अर्ल'. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी रेल्वे होती. 1904 च्या जूनमध्ये सुरू झाली, 1934 च्या मार्चमध्ये बंद पडली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, जेमतेम 13 किलोमीटरची वाट, सगळी नदीच्या खोऱ्यातून. खोऱ्यातलं दूध बाहेर नेणं हे तिचं मोठं काम. इंजिनं दोनच, दोन्ही लीड्सच्या किट्सन कंपनीची, 2-6-4 चाकांची. ब्रिटनमध्ये ही चाकरचना पहिल्यांदा आली ती याच जोडीबरोबर. एकाचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप', दुसऱ्याचं 'जे. बी. अर्ल', दोघेही त्या रेल्वेचे इंजिनिअर. डबे सुरुवातीला फिक्या पिवळ्या रंगाचे होते. आता रुळांच्या जागी पायवाट आहे, लोक सायकली घेऊन जातात.

इंजिनाकडे बघताना नजर आधी जाते ती कपाळावरच्या दिव्याकडे. केवढा थोरला दिवा! इंग्लंडच्या इंजिनांना असा दिवा नसतो. तिथे लोहमार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं, दूरवर उजेड टाकायची गरज नसते. म्हणून तिथल्या माणसांना हे इंजिन पाहुण्यासारखं दिसतं. मला मात्र ते पाहताक्षणी ओळखीचं वाटलं, आणि त्याला कारण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता. बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत त्याची अडीच फुटी गाडी 1897 साली धावली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा नेम. भार सगळीकडे सारखा वाटला की हलक्या रुळांवरही मोठं काम होतं, हे त्याने सोलापूर जिल्ह्याच्या माळावर दाखवून दिलं आणि तोच अनुभव गाठीशी घेऊन तो मॅनिफोल्डच्या खोऱ्यात उतरला. इंजिनाचा तो उष्ण मुलखातला तोंडवळा त्याच्याबरोबर आला. माझं आजोळ बार्शीचं. मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचं, ट्रंका घेऊन पलीकडच्या बुटक्या फलाटावर जायचं आणि खिडकीसाठी मावसभावंडांशी भांडायचं, हे माझ्या लहानपणीच्या प्रत्येक मे महिन्यात झालेलं आहे. स्टॅफर्डशरमधल्या कुणाच्या तरी परसात, गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावर, तोच कपाळाचा दिवा माझ्यासमोरून गेला तेव्हा मी काही बोलू शकलो नाही.

आता एक उणं सांगतो. ही प्रतिकृती एका फुटाला 16 मिलिमीटर या मापाने बांधलेली आहे, म्हणजे मूळ इंजिनाच्या साधारण एकोणिसाव्या हिश्शाची. आपल्या माथेरानच्या गाडीसारखा दोन फुटी गेज या हिशेबात बरोबर 32 मिलिमीटर होतो, म्हणून बागांमधले पुष्कळसे रूळ 32 चे असतात. अडीच फुटी मॅनिफोल्डला खरे तर 40 हवेत. या बागेतले रूळ 32 चेच होते, त्यामुळे समोरून पाहिलं की इंजिन जरा अरुंद पायांवर उभं दिसायचं. काटेकोर माणसाला हे खटकतं, मलाही खटकलं. पण एकटं 40 चं इंजिन दुसऱ्या कुणाच्या बागेत चालवता येत नाही, आणि या छंदात दुसऱ्याच्या बागेत जाणं हे निम्मं सुख आहे. मालकांनी केलेली तडजोड मला पटते.

वाफ करण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. आधी पाणी: बागेच्या पिंपात साठवलेलं पावसाचं, फडक्यातून दोनदा गाळलेलं. नळाच्या पाण्यातला चुना बॉयलरात बसू नये म्हणून. मग तेल. सांध्यासांध्यांना पातळ तेलाचा एकेक थेंब, आणि वंगणाच्या छोट्या भांड्यात काकवीसारखं दाट तेल. गॅस सगळ्यांत शेवटी, आणि तोही इतरांच्या पेटत्या इंजिनांपासून चार पावलं दूर जाऊन. ब्यूटेनचा डबा उलटा करून टाकीच्या तोंडावर दाबायचा. टाकी भरली की ती फिस्स करून सांगते. त्या दिवशी गारठा होता. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळायचं थांबतं आणि टाकी वापरात आली की स्वतःच आणखी गार होत जाते, म्हणून मालकांनी टाकीभोवती कोमट पाणी ओतलं. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर घडी ठेवावी तसा हात होता त्यांचा.

मग काडी. ती चिमणीच्या तोंडाशी धरतात. गॅसचा कान हळूहळू उघडला की चिमणीच्या टोकाला निळी ज्योत दिसते आणि 'फप्' असा आवाज होतो. ज्योत चिमणीतून आत धावत जाते आणि बॉयलरच्या पोटातल्या बर्नरवर जाऊन बसते. त्यानंतर एक सलग घुमणारा आवाज सुरू होतो.

ज्यांनी घरात तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना हा बॉयलर वेगळा समजावून सांगायला नको. मधून आगीची नळी, भोवताली पाणी, वर धुराडं. बंब आडवा केला असं समजा. फरक इतकाच की बंबाचं पाणी मोकळं असतं आणि इथलं कोंडलेलं. म्हणून सांध्यांना चांदीचा डाख देतात आणि नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाणी भरून तपासून घेतात. वाफेचा दाब चौरस इंचाला 40 पौंड झाला की वरची सुरक्षा-झडप उडते. स्वयंपाकघरातला कुकर 15 पौंडांच्या आसपास शिट्टी देतो, त्यावरून अंदाज यावा. आतलं पाणी तेव्हा 140 अंशांच्या घरात असतं आणि ते असतं किती, तर चहाचा एखाद-दीड कप. गॅसची टाकी मुद्दाम अशा मापाची करतात की पाणी संपण्याआधी गॅस संपावा. कोरड्या बॉयलराखाली आग राहू नये म्हणून ही काळजी इंजिनाच्या घडणीतच बसवलेली आहे. ज्याने पहिल्यांदा असा विचार केला त्याला माझा नमस्कार.

पाच-सात मिनिटांत काटा चढतो. मोठ्या इंजिनाला यासाठी कित्येक तास लागायचे. रात्रीपासून आग घालावी लागायची. छोटं लवकर का तापतं? लांबी एकोणीस पटीने कमी केली की पृष्ठभाग 361 पटीने कमी होतो, पण आकारमान 6,859 पटीने. म्हणजे आतल्या प्रत्येक थेंबाच्या वाट्याला बाहेरचं अंग एकोणीस पट जास्त येतं. आग लवकर लागते, तशी थंडीही लवकर लागते. चिमणीतलं ते पहिलं पाणी, गारठ्यात लवकर थकणारं इंजिन, सगळं या एका हिशेबातून येतं. खिडकी लहान करता येते, रिव्हेट लहान करता येतो, दिवा लहान करता येतो. पाणी मात्र त्याच अंशाला उकळतं, आणि आग भाजायची तेवढीच भाजते. वाफ लहान होत नाही.

ही गोष्ट ज्याने आयुष्यभर ठासून सांगितली त्याला सगळे कर्ली लॉरेन्स म्हणत. 'एलबीएससी' या सहीने तो लंडनच्या 'मॉडेल इंजिनिअर' साप्ताहिकात लिहायचा; सही एका जुन्या रेल्वे कंपनीच्या आद्याक्षरांची. 1922 च्या सुमारास त्या साप्ताहिकात मोठा वाद पेटला. इतक्या छोट्या इंजिनात कोळसा जाळून माणूस ओढता येईल असा बॉयलर होऊ शकतो का? नावाजलेल्या जाणकारांना ते पटत नव्हतं. लॉरेन्सचं 'आयेशा' नावाचं इंजिन अडीच इंची रुळांवर चालायचं आणि गाड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाला घेऊन जायचं. या वादाला लोक 'बॉयलरांची लढाई' म्हणू लागले. लॉरेन्सचं सांगणं सोपं होतं: बाहेरून हुबेहूब दिसण्याच्या हट्टात आतलं काम बिघडवू नका, आगीला, पाण्याला, वाफेला जेवढी जागा लागते तेवढी द्या. पुढची चार दशकं तो आठवड्यामागून आठवडे हेच शिकवत राहिला, स्क्रू कुठे पिळायचा इथपर्यंत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिलं इंजिन बांधलेल्या कितीतरी माणसांचा तो न पाहिलेला गुरू होता. त्याच्या वंशातला बॉयलर त्या दिवशी माझ्यासमोर घुमत होता असं मी मानतो.

आता चाल. दोन सिलिंडर, प्रत्येकात पिस्टनला दोन्ही अंगांनी वाफ मिळते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार. इंजिन सावकाश चाललं की ते सुटे सुटे ऐकू येतात आणि गाडी पळाली की एकमेकांत मिसळून नुसती सरसर उरते. म्हणून जाणता माणूस गाडी पळवत नाही. बागेची जमीन पलीकडच्या बाजूला जरा खचली होती, तिथून परत वर येताना चढ लागायचा. मालकांनी इंजिनाला रेडिओ बसवलेला नाही. रेग्युलेटर एकदा बोटाने लावायचा आणि सोडून द्यायचं. तो नेमका कितपत लावायचा याचा सगळा हिशेब त्या चढावर होतो. जरा कमी झाला तर गाडी वर येत नाही, जरा जास्त झाला तर उताराला उधळते. त्यांनी तीन फेऱ्यांत तीनदा केसभर हलवला, मागे दोन डबे वाढवले, आणि मग हात मागे बांधून उभे राहिले.

गाडी झुडपांमागे गेली की दिसत नाही. ऐकू येते. चढाला लागली की हुंकार जड होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, एके क्षणी वाटतं की पुढचा येतच नाही. येतो. मग आणखी एक. सगळी माणसं बोलता बोलता त्या जागी गप्प व्हायची आणि दिवा झुडपातून बाहेर आला की वाक्य जिथे सोडलं तिथून परत सुरू करायची. दहा-बारा फेऱ्या झाल्या, दर वेळी हेच. पुण्यात कर्वे रस्त्याजवळचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मी लहानांना घेऊन अनेकदा पाहिलं आहे, आणि ते उत्तमच आहे; पण तिथे गाडी चढ चढेल का, असा प्रश्न कधी मनात येत नाही. इथे तो प्रत्येक फेरीला येतो, आणि चढल्यावर होणारा आनंदही प्रत्येक फेरीला नवा असतो.

ऐकणं म्हणजे काय, हे मला याच मंडळींनी शिकवलं. माझं पहिलं इंजिन मी त्यांच्याकडे नेलं तेव्हा घाईत वंगणाचं भांडं भरायचं राहून गेलं. गाडी छान चालली होती, मी हरखून गेलो होतो. सातव्या-आठव्या फेरीला बागेच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मान वर केली. "आवाज कोरडा येतोय," ते म्हणाले, "तेल घातलं होतं का तुम्ही?" मी धावलो. पिस्टनच्या दांड्यावर तेलाची झाक नव्हती. त्यांना स्वतः उठून इंजिन थांबवता आलं असतं, ते माझ्यापेक्षा जवळ होते. थांबवलं नाही. दुसऱ्याच्या इंजिनाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ते रुळांवरून खाली पडायला आलं तरच लावायचा. त्या दिवशी त्यांनीच आपल्या बाटलीतलं दाट तेल मला दिलं.

माणसं नाना तऱ्हेची असतात. एक बाई कोळशावर इंजिन चालवतात. कोळसा हरभऱ्याएवढा फोडलेला, फावडं मिठाच्या चमच्याएवढं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की गुडघ्यांवर बसून आगीचं दार उघडायचं, आत डोकावायचं, चार दाणे टाकायचे. पेटवताना रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशाचे तुकडे घालतात आणि चिमणीवर बॅटरीचा छोटा पंखा ठेवून हवा खेचतात. स्वतःची वाफ स्वतःची हवा ओढू लागली की पंखा काढून घेतात. त्यांच्या इंजिनाला वास होता. गॅसच्या इंजिनाला नुसता गरम तेलाचा वास येतो, त्यांच्या इंजिनाला कुर्डुवाडीचा येत होता.

आणि तो धूर. धूर म्हणतो खरा, पण ती वाफही नसते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते तिचे गारठून झालेले थेंब. उन्हाळ्याच्या दुपारी याच इंजिनाच्या चिमणीवर काहीच दिसत नाही. त्या सकाळी हवा गार आणि दमट होती, त्यामुळे चार डब्यांच्या गाडीवर डब्यांहून लांब पांढरा पिसारा तरंगत होता आणि वळणावर मागे वळून हेदरच्या झुडपांत अडकत होता. मंडळी मुद्दाम ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट पाहतात, हातमोजे घालून उभी राहतात. हिवाळ्यातल्या पिकाला उन्हाळा चालत नाही तसं हे.

शेवट अचानक येतो. घुमणारा आवाज बंद पडतो, गॅस संपला. गाडी साठलेल्या वाफेवर अर्धी फेरी काढते, चढाच्या आधी थांबते. जो जवळ असेल तो मालकांकडे बघतो, मालक मान हलवतात, आणि तो माणूस हातमोजा घालून तिला ढकलत घरापर्यंत आणतो.

नंतरचं काम मला सगळ्यांत सुंदर वाटतं. वंगणाच्या भांड्याचं झाकण मालक सावकाश उघडतात आणि इंजेक्शनच्या सिरिंजने तळातलं काढून घेतात. भांड्यात भरलं होतं दाट तेल. सिरिंजमध्ये येतं पाणी. चालताना थोडी वाफ या भांड्यात शिरते, गार होते, तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाशी जातं आणि आपल्याएवढंच तेल वर उचलून वाफेच्या वाटेवर सोडतं. यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. वाफ स्वतःच विरून पिस्टनला वंगण पोचवते. मालकांनी सिरिंज उजेडात धरली, पाणी किती जमलं ते पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर चाललं." त्या अर्ध्या तासाची परीक्षा एवढ्या दोन शब्दांत झाली.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही बसलो. मी त्यांना बार्शीच्या गाडीबद्दल सांगितलं, पंढरीच्या वाऱ्यांना टपावर बसून जाणाऱ्या माणसांबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले, मग आत जाऊन एक वही घेऊन आले. त्यांना आता बार्शीचं पहिलं इंजिन बांधायचं आहे, किट्सननेच बांधलेलं, 0-8-4 चाकांचं. बॉयलरचा हिशेब झालेला आहे. हवे आहेत ते फोटो: मागून काढलेले, टपाखालचे, कोळशाच्या पेटीचे, जिथे कुणी कॅमेरा नेत नाही तिथले. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज इथल्या घरांत कुणाचे आजोबा बार्शी लाइटमध्ये फिटर, ड्रायव्हर, फायरमन होते, त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा खाली काढावी. त्यात इंजिनाला टेकून उभ्या असलेल्या माणसांचा एखादा फोटो असेल तर तो फेकू नका, आणि त्याच्या मागे साल आणि ठिकाण पेन्सिलीने लिहून ठेवा.